समूहातून नवं नाटक उभं करताना: कार्यशाळा, संहिता आणि मधला मोकळा काळ

तिसरी_घंटा

सात-आठ नट, एक लेखक, एक दिग्दर्शक. संहिता नाही, विषय आहे आणि हातात साधारण चार महिने आहेत. अशा गटानं कामं कोणत्या क्रमानं करावीत, कुठे अडकायला होतं आणि का, हे एका जागी यावं म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी, पटणार नाही तिथे खोडून काढावं.

माझं म्हणणं आधीच मांडते. असं नाटक कार्यशाळेत क्वचित फसतं. कार्यशाळा संपली की दुसऱ्या दिवशी तालीम सुरू होते, तिथे ते फसतं. इम्प्रोमध्ये (म्हणजे संहितेशिवाय, दिलेल्या परिस्थितीत नट आयत्या वेळी सुचेल तसं करतात त्यात) सापडलेले चार झकास प्रसंग तोवर सगळ्यांना पाठ झालेले असतात, त्यांना हात लावायची कुणाची छाती होत नाही, आणि उरलेलं नाटक त्या चार प्रसंगांमधली जागा भरण्यासाठी लिहिलं जातं. प्रेक्षकाला सगळे सांधे दिसतात. कार्यशाळा आणि तालीम यांच्यामध्ये लेखकाला एकट्याला पाच-सहा आठवडे मिळालेच पाहिजेत.

लंडनच्या जॉइंट स्टॉक या नाटक कंपनीनं (स्थापना १९७४) हाच क्रम रूढ केला. आधी लेखक, दिग्दर्शक आणि नट यांची तीनेक आठवड्यांची कार्यशाळा, मग लेखकाला लिहायला मोकळा काळ, मग पाच-सहा आठवडे तालीम. ब्रिटिश नाटककार कॅरिल चर्चिल यांचं 'क्लाउड नाइन' (१९७९) याच वाटेनं आलं. तिकडे नट दिवसभर तेच काम करत. आपल्याकडे नोकरी-कॉलेज उरकून संध्याकाळी सात ते दहा. म्हणून हिशेब असा: आठवड्याला पाच बैठका, तीन-तीन तास, चार आठवडे, म्हणजे साठ तास. अंग मोकळं करणं, चर्चा, उशिरा येणारे यांत वीस तास गेले असं धरा. उरलेले चाळीस दीड तासाच्या नाटकाला पुरतात. त्यापुढे पाच आठवडे लेखन, एक आठवडा वाचन-दुरुस्ती, सहा आठवडे तालीम. एकूण सोळा आठवडे.

आता सुरुवात कशानं करायची? 'पाणीटंचाई' हा विषय झाला, त्यावर इम्प्रो होत नाही. नटाला विषय दिला की तो भाषण करतो. त्याला परिस्थिती द्यावी लागते: वस्तीवर टँकर आठवड्यातून दोनदा येतो, हंड्यांची पाळी लावायचं काम एका घरातल्या धाकट्या सुनेकडे आहे, आणि आज तिच्या माहेरची माणसं मुक्कामाला आली आहेत. आता नटांना करायला काहीतरी आहे. कुणाकडे काहीतरी आहे, दुसऱ्याला ते हवं आहे, आणि वेळ थोडा आहे. या तीन गोष्टी नसतील तर इम्प्रो सुरूच करू नये.

प्रत्येक नटाला बाजूला घेऊन त्याची माहिती वेगळी द्यायची. सुनेला ठाऊक आहे की टँकर आज अर्धाच भरून येणार. सासूला ते ठाऊक नाही, पण सुनेनं परवा एक हंडा जास्तीचा दिला होता हे तिनं पाहिलंय. हे कागदावर दोन ओळींत लिहून द्यावं. तोंडी सांगितलेलं नट पाच मिनिटांत विसरतात आणि दिग्दर्शकही विसरतो. एक इम्प्रो आठ ते बारा मिनिटांचा. त्यापुढे ताण संपून नुसती बडबड उरते.

प्रॉम्प्टर

उत्तम धागा. नोंदींबद्दल भर घालतो, कारण साठ तासांतलं पन्नास तासांचं काम नोंद नसल्यामुळे वाया जातं.

रेकॉर्डिंग सगळे करतात, ऐकत कुणी नाही. चार-पाच माणसं एकमेकांच्या बोलण्यात बोलत असतील तर एका तासाचं रेकॉर्डिंग उतरवून घ्यायला पाच-सहा तास लागतात. सगळं उतरवायचं ठरवलं की आठवड्याभरात ते बंद पडतं. म्हणून एक माणूस फक्त नोंदवहीला बसवावा. त्या दिवशी त्यानं नटकाम करायचं नाही. वहीत रकाने आखून घ्यायचे: तारीख, परिस्थिती, कोण कोण, रेकॉर्डिंगचं कितवं मिनिट, काय बदललं, आणि ठेवण्यासारखं वाक्य. 'काय बदललं' हा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. तो कोरा राहिला तर इम्प्रो कितीही रंगला असला तरी त्यातून प्रसंग निघणार नाही. 'सासू-सुनेचं भांडण' ही नोंद निरुपयोगी. 'सासूला कळतं की हंडा सुनेनं स्वतःच्या वाट्यातला दिला होता' ही नोंद लेखकाच्या कामाची.

फोन खोलीच्या कोपऱ्यात छातीच्या उंचीवर, पंख्यापासून लांब. पंख्याच्या आवाजात हळू बोललेली वाक्यं जातात, आणि नेमकी तीच हवी असतात. फाइलला त्याच रात्री तारीख आणि परिस्थितीचं नाव द्या. दोन आठवड्यांनी ते काम कुणी करत नाही.

आणि इम्प्रो संपल्या संपल्या, चर्चा सुरू व्हायच्या आत, प्रत्येक नटानं एका कार्डावर तीन ओळी लिहायच्या: मला काय हवं होतं, कुठे मिळेनासं झालं, कोणती गोष्ट बोलायची टाळली. एकदा चर्चा सुरू झाली की सगळ्यांच्या आठवणी सारख्या होतात.

विंगेतून

दोघांशीही सहमत. इम्प्रो कुठे नासतो त्याबद्दल लिहिते.

पहिला आणि सार्वत्रिक दोष म्हणजे सगळे प्रसंग भांडणात किंवा रडण्यात संपणं. नट काहीतरी घडवून दाखवायच्या दडपणाखाली असतो आणि आवाज चढवणं हा त्याला सापडणारा सगळ्यांत जवळचा मार्ग. यावर 'ओरडू नका' असं सांगून उपयोग होत नाही. परिस्थितीत अडथळा घालायचा. पडद्यामागे आजारी माणूस झोपलाय, त्याला जाग येता कामा नये. किंवा दोघांच्या हाताला काम द्यायचं: एकीकडे मटकी निवडायला, दुसऱ्याकडे गादीला खोळ घालायला. काम खरं हवं, मटकी खरी हवी, खडे खरे हवेत. हात गुंतले की बोलणं आखूड होतं, मध्ये थांबतं, आणि माणूस न बोललेलं हातानं सांगायला लागतो. गादीच्या खोळीचं चौथं टोक दोघांनी धरल्याशिवाय बसत नाही. नुकतंच भांडण झालेल्या नवरा-बायकोला ते टोक बसवायला लावा आणि बघा. तिथे लेखकाला एकही वाक्य लिहायची गरज पडत नाही.

दुसरा दोष: एखादा हजरजबाबी नट टाळ्यांची वाक्यं टाकत सुटतो. खोलीत धमाल येते आणि सगळ्यांना वाटतं नाटक सापडलं. तीच वाक्यं कागदावर आली की दुसरा नट म्हणूच शकत नाही, कारण ती पात्राची नसून त्या नटाची असतात. अशा नटाला दोन इम्प्रो बोलण्याची मुभा नसलेली भूमिका द्या.

तिसरा: 'कालचा मस्त झाला, परत करू या.' परत केलेला इम्प्रो नेहमी मेलेला असतो, कारण नट आता परिस्थितीला सामोरा जात नाही, कालच्या स्वतःची नक्कल करतो. परत करायचाच तर एक अट बदला. काल जे सुनेला माहीत होतं ते आज सासूला माहीत आहे. किंवा हीच भेट तीन वर्षांनी.

एकांकिकावाला

सोळा आठवडे हे प्रायोगिक गटांचं झालं. कॉलेजच्या मुलांचं काय? पुण्याची पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे आणि दरवर्षी पावसाळ्यातच येते. कॉलेज सुरू होऊन गट जमेपर्यंत हातात सहा-सात आठवडेच उरतात. त्यात पाच आठवडे लेखकाला मोकळे कुठून द्यायचे? आणि परीक्षकांना तर हल्ली मुलांनी स्वतः उभं केलेलं हवं असतं.

तिसरी_घंटा

@एकांकिकावाला, प्रश्न रास्त आहे. प्रमाण तेच ठेवून आकडे लहान करायचे. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांची एकांकिका, सात आठवडे. दोन आठवडे कार्यशाळा, दहा दिवस लेखन, चार दिवस वाचन आणि दुरुस्ती, उरलेले तीन आठवडे तालीम. ते दहा दिवस मात्र सोडायचे नाहीत. त्या काळात नटांनी रिकामं बसावं असं कुठे आहे? आवाजाचं काम, गाणी, नेपथ्याची ठोकाठोकी, प्रॉपर्टी (रंगमंचावर लागणाऱ्या वस्तू) गोळा करणं, हे सगळं तेव्हाच उरकतं. फक्त लेखकाला फोन करून 'माझा तो सीन आहे ना रे' असं विचारायचं नाही.

आवाकाही त्याच प्रमाणात आखडता घ्या. पंचेचाळीस मिनिटांत एक जागा, एक रात्र, चार-पाच पात्रं. वीस जणांचा गट आहे म्हणून वीस पात्रं लिहिली की एकेकाला दोन मिनिटं येतात, आणि मग प्रत्येकाला एक स्वगत असा प्रकार होतो. सामूहिक नाटकांचा हा सगळ्यांत मोठा रोग आहे. गटातल्या कुणाला वाईट वाटू नये म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला एक दुःख येतं, सगळी दुःखं एकाच वजनाची होतात, आणि नाटक कुणाचं आहे तेच कळत नाही. पात्रवाटप कार्यशाळेत ठरलेलं नाही हे पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर सांगा. इम्प्रोमध्ये ज्यानं सून केली त्याला ती भूमिका मिळेलच असं नाही.

चौकातलं_नाटक

इथे मी वेगळं मत नोंदवतो. 'लेखकाला एकटं सोडा' हा नियम सगळीकडे लागू होत नाही. पथनाट्याची परंपरा बघा. दिल्लीच्या जन नाट्य मंचाचं 'मशीन' (१९७८) सुमारे तेरा मिनिटांचं. सायकल स्टँड आणि चहाच्या कँटीनसारख्या साध्या मागण्यांवरून कामगारांवर झालेल्या गोळीबारातून ते आलं. नटांची शरीरंच यंत्राचे भाग होतात, यंत्र चालतं आणि मग थांबतं. अशा नाटकाचा गाभा आकृतीत असतो. ती कागदावर सापडत नाही, उभं राहूनच सापडते.

महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर (२०१३) अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अतुल पेठे यांच्या मार्गदर्शनाखाली रिंगणनाट्यं केली. गोलात प्रेक्षक, मध्ये कार्यकर्ते, ना पडदा, ना दिवे. सगळे नाटकवाले नव्हते. तिथे लेखक वेगळा काढून त्याला महिना दिला असता तर कार्यकर्त्यांच्या तोंडी परकी भाषा आली असती.

या प्रकारात क्रम असा चालतो: एका दिवसात विषयाची माहिती, दुसऱ्या दिवशी तीन-चार जणांच्या तुकड्या करून प्रत्येकीनं पाच मिनिटांचा तुकडा, तिसऱ्या दिवशी जोडणी, चौथ्या दिवशी लोकांसमोर. दुरुस्ती प्रेक्षकच करून देतात. चौकात माणूस कंटाळला की निघून जातो, आणि तो कोणत्या वाक्याला निघाला ते दिसतं. पहिल्या पाच प्रयोगांत एक माणूस फक्त प्रेक्षकांकडे बघायला उभा करा: कुठे हसले, कुठे मागचे पुढे सरकले, कुठे पांगले.

तिसरी_घंटा

@चौकातलं_नाटक, पंधरा-वीस मिनिटांच्या नाटकाला हे शंभर टक्के मान्य. तिथे एकच आकृती आणि एकच वळण असतं, ते दहा जणांच्या डोक्यात एकदम मावतं. दीड तासाच्या नाटकात दहाव्या मिनिटाला ठेवलेली गोष्ट सत्तराव्या मिनिटाला उघडायची असते. ती ओढ एका डोक्यातच धरता येते. समूहानं सामग्री आणावी, कापाकापीही करावी, पण रचना एकाकडे हवी.

चौकातलं_नाटक

हे पटलं. फक्त तो एक माणूस कार्यशाळेत पहिल्या दिवसापासून बसलेला हवा. शेवटच्या आठवड्यात 'लिहून द्या' म्हणून बोलावलेला नको.

दहा_बाय_दहा

यात इतिहासाचे दोन-तीन संदर्भ उपयोगी पडतील.

नाटककार-दिग्दर्शक हबीब तन्वीर यांनी १९७३ मध्ये रायपूरला 'नाचा' या छत्तीसगढी लोकनाट्याच्या कलावंतांची कार्यशाळा घेतली, त्यातून 'गाँव का नाम ससुराल, मोर नाम दामाद' आलं. नाचातले सुटे, स्वतंत्र प्रसंग जोडून ते झालं. मग 'चरणदास चोर'. गोष्ट विजयदान देथा यांनी लिहिलेली राजस्थानी, भाषा छत्तीसगढी, त्यात सतनामी समाजाचं पंथी नृत्य. नट इम्प्रो करत, पण काय ठेवायचं आणि कोणत्या क्रमानं, हा निर्णय तन्वीर यांचा. उत्स्फूर्तता नटांची आणि रचना एकाची, ही विभागणी तिथे स्वच्छ दिसते.

उलट बाजू 'घाशीराम कोतवाल'ची. संहिता विजय तेंडुलकरांची, पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२, प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनचा. पण ब्राह्मणांची माणसांची भिंत, तिचं उघडणं-मिटणं, गाण्यांतून प्रसंग पुढे सरकणं, हे प्रयोगात बांधलं गेलं. दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद. म्हणजे लेखक स्वतंत्र असला तरी समूहाचं काम संपत नाही. पुढे थिएटर अकादमीनं १९८५ ते १९९४ या काळात फोर्ड फाउंडेशनच्या मदतीनं नवे नाटककार आणि गावोगावचे गट यांच्यासाठी योजना राबवली, नाटककार सतीश आळेकर त्यामागे होते. नाटककार आणि गट दोन्ही वाढवायचे, ही दृष्टी आज कुणी पुन्हा उचलली तर फार मोठं काम होईल.

सायक_निळा

लेखनाच्या पाच आठवड्यांत लेखकानं नेमकं काय करायचं, ते कुणी सांगितलेलं नाही. थोडं मी सांगतो.

पहिला आठवडा संवाद लिहायचाच नाही. नोंदवहीतले 'काय बदललं' रकाने कार्डांवर उतरवायचे, एका कार्डावर एक घटना. साठ-सत्तर कार्डं होतात. ती भिंतीवर लावून क्रम शोधायचा. दीड तासाला बारा ते सोळा प्रसंग पुरतात, म्हणजे चारातली तीन कार्डं जाणार. कसोटी एकच: कार्ड काढलं तर पुढचं कोणतं कार्ड कोसळतं? कुठलंच कोसळत नसेल तर ते कार्ड कितीही गोड असो, बाहेर. कार्यशाळेत ज्या प्रसंगावर सगळे लोळून हसले होते, तो बहुतेक वेळा याच कसोटीत जातो.

दुसरा आणि तिसरा आठवडा लिहिणं, रेकॉर्डिंग न ऐकता. ऐकत लिहिलं की बोलणं जसंच्या तसं येतं, आणि खरं बोलणं रंगमंचावर सैल वाटतं. चौथ्या आठवड्यात रेकॉर्डिंग उघडायचं आणि त्यातली खरी वाक्यं उचलून आपल्या कृत्रिम वाक्यांच्या जागी घालायची. पाचवा आठवडा नुसता काटछाटीचा. चौदा पॉइंटमध्ये टाइप केलेलं पान साधारण दीड ते दोन मिनिटं जातं. पंचावन्न पानांच्या पुढे गेलात तर नाटक दीड तासात बसणार नाही.

मायबोली_बारा_कोसांवर

बोलीबद्दल कुणीच लिहिलं नाही, आणि मराठी गटांत तर ही हमखास होणारी गडबड आहे. इम्प्रोमध्ये नट आपापल्या घरचं बोलतो. नागपूरचा 'काय करून राहिला' म्हणतो, सांगलीची 'काय करतुयास' म्हणते, पुण्याचा 'काय करतोयस'. ऐकायला जिवंत वाटतं. मग संहितेत ही तिघं सख्खी भावंडं निघतात.

उपाय म्हणून सगळ्यांना पुस्तकी मराठी देऊ नका, त्यानं इम्प्रोतून आलेलं सगळंच निघून जातं. कुटुंब कुठलं ते कार्डांच्या टप्प्यावरच ठरवा, तालुक्यापर्यंत. त्या भागातल्या एका माणसाला दुसऱ्या मसुद्याच्या वाचनाला बसवा आणि क्रियापदं, सर्वनामं, हाका मारायचे शब्द तपासून घ्या. हाका फार बोलतात. सासूला आत्याबाई, मामी की आई, मोठ्या दिराला भाऊजी की दादा, यावरून घर उभं राहतं. ज्याला ती बोली जमत नाही अशा नटाला बाहेरगावाहून आलेलं पात्र द्या. खोटी बोली पहिल्या तीन मिनिटांत पकडली जाते, आणि त्या भागात प्रयोग असला तर प्रेक्षक पुढचं काही ऐकत नाहीत.

मुलाखती घेऊन काम करणाऱ्यांनीही सांभाळावं. दोघांनी जावं, एकानं बोलावं, एकानं लिहावं. रेकॉर्ड करण्याआधी विचारावं, नाटकात वापरणार हे स्पष्ट सांगावं. नाव, गाव आणि धंदा यांतल्या किमान दोन गोष्टी बदलाव्यात. माणूस ओळखू आला तर त्याला त्याच गावात राहायचं असतं, आपण टेम्पो भरून परत जातो.

प्रॉम्प्टर

+१. शेवटचं वाक्य प्रत्येक गटानं तालमीच्या खोलीत लावावं.

सही_शिक्का

कागदपत्रांचं लिहितो. नाटक चाललं की भांडणं इथेच होतात. न चाललेल्या नाटकाच्या हक्कावरून कुणी भांडत नाही.

कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे दोघांचं किंवा अधिकांचं योगदान एकमेकांपासून वेगळं काढता येत नसेल, तर ती संयुक्त कृती ठरते. 'लेखन: समूह' असं श्रेयनामावलीत घातलंत तर तुम्ही स्वतःच तसं जाहीर करत आहात. पुढे दुसऱ्या गटाला परवानगी द्यायची, पुस्तक काढायचं, भाषांतर करायचं, तर त्या दहा जणांच्या सह्या गोळा कराव्या लागतात. चार वर्षांनी त्यातले दोघं परदेशात असतात आणि एक बोलत नसतो.

म्हणून कार्यशाळेच्या पहिल्या दिवशी एका पानाचा करार. संहितेचा हक्क कुणाचा. गटाला पहिले प्रयोग करण्याचा हक्क किती काळ (दोन-तीन वर्षं रास्त). कार्यशाळेतल्या नटांचं नाव कुठे आणि कसं येणार, मध्येच गट सोडणाऱ्याचं येणार का. लेखकाचं दर प्रयोगाचं मानधन किती, आणि दुसऱ्या गटानं नाटक केलं तर त्यातला काही वाटा कार्यशाळेतल्या मंडळींना जाणार का. रक्कम शंभर रुपये असली तरी लिहा.

श्रेय कसं वाटावं याचं चांगलं उदाहरण 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' (२०१२). संकल्पना आणि गाणी संभाजी भगत यांची, लेखन राजकुमार तांगडे यांचं, दिग्दर्शन नंदू माधव यांचं, नट बहुतेक जालन्याकडचे. कल्पना एकाची आणि लेखन दुसऱ्याचं, हे स्वच्छ वेगळं सांगितलेलं आहे. त्यात कुणाचा मान कमी होत नाही.

दुसरं, परिनिरीक्षण, म्हणजे प्रयोगाआधी होणारी संहितेची सरकारी तपासणी. जाहीर प्रयोगाला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते लिखित संहितेला मिळतं. 'इथे नट प्रेक्षकांशी उत्स्फूर्त बोलतील' असं लिहून चालत नाही. उत्स्फूर्त जागेचाही एक ठरलेला मसुदा लिहून द्यावा लागतो. म्हणजे पहिल्या प्रयोगाच्या निदान महिनाभर आधी संहिता ठाम हवी. सोळा आठवड्यांचा हिशेब मांडताना हा महिना उलटा मोजा, नाहीतर नाट्यगृहाची तारीख हातात आणि प्रमाणपत्र नाही अशी वेळ येते.

एकांकिकावाला

वाचनाला बाहेरची किती माणसं बोलवावीत? आणि त्यांना काय विचारायचं? आमच्याकडे सगळे 'छान झालंय' म्हणून चहा पिऊन जातात.

सायक_निळा

पाच ते सात. त्यात नाटकवाले दोनच, बाकी नुसते प्रेक्षक. 'आवडलं का' हा प्रश्न विचारायचाच नाही, त्याला 'हो' सोडून उत्तर नसतं. तीन प्रश्न कागदावर द्या: कुठे तुमचं लक्ष उडालं, कुणाच्या मागे तुम्ही जात होता, आणि मध्यंतराच्या जागी थांबवून, पुढे काय होईल असं वाटतं. तिसऱ्या प्रश्नाला सगळ्यांनी एकच उत्तर दिलं आणि नाटकात तेच घडतंय, तर दुसरा अंक पुन्हा लिहा. सातही जणांनी सात वेगळी उत्तरं दिली तर पहिला अंक पुन्हा लिहा.

लेखकानं त्या वेळी उत्तर द्यायचं नाही, समजावून सांगायचं नाही. वाचन नटांनी करावं, पण बसून आणि अभिनय न करता. चांगला नट कच्चं वाक्यही तारून नेतो आणि मग ते तसंच राहून जातं.

विंगेतून

आणि तालमीतले बदल कधी थांबवायचे तेही ठरवून ठेवा. सामूहिक नाटकात हे फार अवघड जातं, कारण प्रत्येकाला वाटतं की हे आपणच केलंय तर आपण बदलू शकतो. माझ्या मते परिनिरीक्षणानंतरच्या किरकोळ बदलांनाही पहिल्या प्रयोगाआधी बारा दिवस कुलूप. प्रकाशयोजनेचे क्यू (दिवे कधी बदलायचे त्याच्या क्रमांक दिलेल्या खुणा) संवादांवर बसलेले असतात. मधला एक प्रसंग काढला तर क्यू बत्तीसपासून पुढचे सगळे क्रमांक सरकतात, संगीतवाल्याची यादी वेगळी राहते, आणि रंगीत तालमीत ब्लॅकआउट वाक्याच्या मधोमध येतो.

प्रॉम्प्टर

क्यूबद्दल एक सोपी गोष्ट: काढलेल्या क्यूचा क्रमांक पुन्हा वापरायचा नाही. बत्तीस गेला तर एकतीसनंतर थेट तेहतीस. मध्ये नवा घातला तर एकतीस-अ. म्हणजे कुणाच्याच यादीतले पुढचे आकडे हलत नाहीत. प्रत्येक पानावर मसुद्याची तारीख, आणि नवा मसुदा देताना जुनी प्रत हातातून काढून घ्यायची. मूळ प्रत एकच, ती प्रॉम्प्टरकडे, पेन्सिलीनं.

विंगेतून

एकतीस-अ हे आजच आमच्या प्रकाशयोजनाकाराला पाठवते. रंगीत तालीम गुरुवारी आहे.